फाटकावरचं नाक

वाल्मिकआप्पा माणसाला नाव विचारत नसे, गाव विचारी. आणि तेही लांबून नाही, नाकाला नाक भिडेल इतक्या जवळून.

"बोल, गाव बोल!"

मग समोरच्यानं आपल्या गावाचं नाव आप्पाच्या तोंडावर मोठ्यानं म्हणायचं. "सिवान!" "धरमपूर!" "शिरपूर!" गावाच्या नावाबरोबर पोटातली वाफ बाहेर पडायची आणि आप्पा ती डोळे मिटून ओढून घ्यायचा. वाफ साधी निघाली तर हाताच्या मागच्या बाजूनं 'आत' अशी खूण. नाहीतर एकच शब्द, "घरी." त्याच्यापुढं अपील नव्हतं.

धाग्याच्या कंपनीचं फाटक ते. आत पॉलिस्टरचा धागा पीळ देऊन बॉबिनवर चढतो. यंत्रं अशी गरगर फिरतात की प्यालेल्याचं बोट गेलं तर शोधायलाही सापडायचं नाही. पलीकडं गुजरातेत दारूबंदी, आणि इथं सिल्वासात मात्र वळणावळणाला दुकान. म्हणून पाळी सुरू होताना फाटकावर असं नाक लागतंच, आणि कंपनीकडं ते होतं. "प" असलेली गावं आप्पाला फार आवडायची. पिंपळनेर, पारोळा, पालघर. म्हणायचा, "प म्हटलं की सगळं पोट तोंडाशी येतं. अ वरून गाव असलं की लबाडी करता येते."

आप्पा मूळचा अमळनेरकडचा. तरणा असताना बायडाबाईला घेऊन इकडं आला, आधी बॉबिना उचलल्या, मग एका दुपारी वायरी जळायचा वास त्याला धुराच्या आधी आला आणि साहेबांनी त्याला उचलून फाटकावर बसवला. त्याआधी आप्पा तपकीर ओढायचा. वडिलांकडून आलेली सवय, पितळी डबी कायम कमरेला. फाटकाची खुर्ची मिळाली त्या दिवशी त्यानं डबी बायडाबाईच्या हातात दिली. "आता हे नाक कंपनीचं," म्हणाला.

संशयी मात्र तो कंपनीत यायच्या आधीपासूनचाच. दूधवाल्यापुढं दुधात बोट बुडवून बघणारा. रिक्षात बसला की मीटरकडं नाही, रिक्षावाल्याच्या मानेकडं बघत राहणारा. जावयानं पेढे आणले तेव्हा पहिला पेढा जावयालाच खायला लावला. बायडाबाई म्हणायची, "लग्नात यांनी माझ्या हातातली माळ पण उलटी करून पाहिली असती, भटजी ओरडले म्हणून राहिलं."

अशा माणसाचं नाक गेलं.

एकदम नाही गेलं. आधी सकाळच्या शिंका सुरू झाल्या. उठला की शिंका, तोंड धुताना शिंका, केबिनचं दार उघडलं की पुन्हा. धाग्याचा बारीक तूस हवेत असतो, उन्हात चमकतो. एवढी वर्षं तो त्याच हवेत बसला होता, आता नाकाला ती सोसेना. मग नाक चोंदायला लागलं. झोपेत तोंड उघडं. आणि हळूहळू वास पातळ होत होत एके दिवशी गेलाच. बायडाबाईनं खिचडी तळाला लावली आणि भीत भीत ताट पुढं केलं, तर हा मुकाट्यानं जेवून उठला. ती ताटाकडं बघतच राहिली.

"तुमले काही वास नही आला?"

"कशाचा?"

"काही नही."

तिच्या डोक्यात किडा शिरला. याच्या डोक्यात दुसराच. हिनं विचारलंच का? कोणी हिला काही सांगितलं का? फाटकावरचं कोण हिच्याशी बोलतं?

कंपनीत त्यानं कोणालाच कळू दिलं नाही. खुर्ची सोडली तर आप्पा कोण? निळ्या शर्टातला एक म्हातारा. मग त्यानं गाव विचारणं चालू ठेवलं, डोळे मिटणं चालू ठेवलं, पण आता तो मिटल्या पापण्यांच्या फटीतून बघायचा. डोळे लाल आहेत का, जीभ अडखळते का, पाय सरळ पडतो का. जो नजर चुकवेल तो प्यालेला. आणि आप्पासमोर नजर कोण चुकवत नव्हतं? काही वेळा तीर बरोबर लागला, त्यामुळं त्याची हिंमत वाढली. पुढंपुढं तर त्यालाच वाटायला लागलं की वास येतोय.

नीलेश सापडला तो या दिवसांत.

नीलेश पिंपळनेरचा. धाग्याला पीळ देणाऱ्या टेक्स्चरच्या यंत्रावर ऑपरेटर, ठेकेदाराच्या हजेरीवर, राहायला डोकमर्डीला एका खोलीत गाववाल्या पोरांबरोबर. आप्पाच्या आवडीचं गाव, म्हणून आप्पा त्याला एरवी "काय प-वाले" म्हणून हाक मारायचा. पण त्या महिन्यात पोरगं रोज लाल डोळ्यांनी येत होतं. बोलायचं नाकातून. गाव म्हणायला तोंड उघडलं की मध्येच शिंकायचं आणि मान फिरवायचं.

"मान का फिरवतो रे?"

"आप्पा, तुमच्या तोंडावर शिंकू का?"

"कालपण फिरवली होती."

"कालपण शिंक आली होती!"

मागं रांग हसली. आप्पाला हसणं चालत नसे. "घरी," म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा तसंच, पुन्हा घरी. तिसऱ्या वेळी त्यानं झडती घेतली आणि पोराच्या पँटच्या खिशात पांढरी प्लॅस्टिकची बाटली सापडली, अंगठ्याएवढ्या तोंडाची, वर दाबायचं टोपण. सगळी अक्षरं इंग्रजी.

"हे काय?"

"नाकनं औषध शे, आप्पा. फवारा शे तो."

"फवारा कपाशीवर मारतात. नाकात कोण मारतं?"

त्यानं बाटली दाबून आपल्या तळहातावर एक फवारा उडवला, नाकाशी नेला. काहीच नाही. कसं असणार? पण तसं दाखवून चालणार नव्हतं. त्यानं हात शेजारच्या ममताकडं केला. ममता बायकांची झडती घेणारी गार्ड, डहाणूकडची, जिभेला हाड नसलेली. तिनं वाकून वास घेतला.

"अगं बाई, फुलासारखा येतोय. गुलाब म्हणा."

झालं. आप्पाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "नाकाच्या औषधाला गुलाबाचा वास कशाला लागतो? तोंडाचा वास मारायला लागतो. प्यायची, वर फुलं मारायची आणि आप्पासमोर यायचं. वा रे प-वाले!"

"मी पेयेल नही आप्पा! आईनी आन!"

"आईला कशाला आणतो फाटकावर?"

तीन वेळा परत पाठवला की कंपनीत शिरायचा पास जमा होतो. नीलेशचा पास जमा झाला. पुढच्या शनिवारी हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसचे अनंत साहेब निकाल देणार होते. एकदा दारूचा शिक्का बसला की हा ठेकेदार तर घेत नाहीच, शेजारच्या कंपन्यांचे ठेकेदारही घेत नाहीत. सगळे एकाच टपरीवर चहा पितात. नीलेश फाटकाबाहेर बराच वेळ उभा होता. बाटली आप्पानं केबिनच्या खणात टाकली.

त्याच आठवड्यात ममतानं डबा उघडला.

डब्यात सुके बोंबील होते, लसूण-मिरचीत परतलेले. पूर्वी तिनं असा डबा आणला की आप्पा तिला केबिनबाहेर काढायचा. पार ट्रकांच्या शेडखाली बसून जेवायला लावायचा. आज ती मुद्दाम त्याच्या शेजारी बसली. झाकण काढलं, डबा त्याच्या कोपराजवळ सरकवला. आप्पा वर्तमानपत्र वाचत होता. वाचतच राहिला.

"आप्पा."

"हं."

"माझ्या डब्यात काय आहे?"

आप्पानं कागद खाली केला. डब्यात पाहिलं. उशीर झाला होता.

"केव्हापासून?" ममतानं विचारलं.

"सर्दी झालीय."

"ही सर्दी दिवाळीच्या आधीपासून आहे. मी रोज बघतेय. परवा सॅनिटायझर सांडलं, सगळं केबिन दरवळलं, तुम्ही तिथंच चहा पीत बसलात. लोकांच्या पोटावर पाय देताय आप्पा, वासाशिवाय."

"तू कोणाला बोललीस?"

"अजून नाही. दवाखान्यात जा. नाहीतर मी बोलणार."

हिला खुर्ची पाहिजे, असा हिशेब आप्पानं मनात मांडला. तरीपण दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बॅटरी लावून नाकात पाहिलं. "अ‍ॅलर्जी आहे काका. आतलं अस्तर सुजलंय, फिकट पडलंय. धुळीनं, तुसानं होतं. वास वरपर्यंत पोचतच नाही. फवारा देते. रोज सकाळी, दोन्ही नाकपुड्यांत."

"फवारा?"

"स्टिरॉइडचा आहे. नाव ऐकून घाबरू नका. थोडंसं असतं आणि नाकापुरतंच काम करतं. गोळ्यांसारखं अंगभर पसरत नाही. पण आज मारला आणि आज नाक उघडलं असं होणार नाही. सूज उतरायला दिवस लागतात. शिंका थांबल्या तरी मधेच बंद करायचा नाही. आणि हे बघा, असा धरायचा..."

त्या आपल्या हातात बाटली धरून दाखवत होत्या. आप्पा मात्र वळून औषधाच्या खिडकीकडं बघत होता. तिथला औषधवाला कोणत्या खोक्यातून बाटली काढतो, वरच्या की खालच्या, खालचा माल जुना असतो, यावर त्याचं लक्ष. बाईंचं दाखवून संपलं तेव्हा तो म्हणाला, "समजलं."

बाटली हातात आली. पांढरी. अंगठ्याएवढं तोंड. वर दाबायचं टोपण.

दुसरा कोणी असता तर तिथंच मटकन खाली बसला असता. आप्पा बाकावर बसला आणि विचार करायला लागला. नीलेशचा कोणी ओळखीचा या दवाखान्यात आहे का? पोरानं इथूनच तर नाही बाटली पळवली? का हीच फुलाची बाटली नाकाची म्हणून सगळ्यांना वाटतात? पोरगं खरं बोललं असेल, हा विचार त्याला शेवटी आला, आणि तो त्यानं बाकावरच ठेवून घर गाठलं.

टोकरखाड्याला आप्पाच्या घरात वेगळंच सुरू झालं. "काय म्हणे नाव औषधाचं?" बायडाबाईनं विचारलं. त्यानं सांगितलं आणि तिच्या हातातलं लाटणं थांबलं.

"टेराइड? तेच ना आक्काबाईचं?"

आक्काबाई तिची थोरली बहीण. दम्यासाठी बाजारात बसणाऱ्या एका माणसाच्या पुड्या खायची. पहिल्या दिवसापासून दम गायब, सगळं गाव त्याला देव म्हणायचं. वर्षभरात आक्काबाईचं तोंड फुगून ताटाएवढं झालं, कातडी पातळ, हाडं ठिसूळ. धुळ्याच्या डॉक्टरनं मग सांगितलं की पुडीत चुरून टाकलेल्या गोळ्या होत्या, याच औषधाच्या.

"ते पोटात. हे नाकात."

"नाक काय शेजाऱ्याचं शे? ते पण तुमचंच ना?"

तेव्हापासून रोज सकाळी बायडाबाई त्याच्या कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो हातात घेऊन त्याच्यासमोर उभी राहायची. "इकडं तोंड करा. गाल बघू." फोटोकडं बघायची, गालाकडं बघायची. "डावा जरा भरला." फोटो तरुणपणचा होता, त्यामुळं काही जमत नसे, पण ती सोडत नसे. आणि आप्पाही तिच्यामागून भिंतीवरच्या आरशात गाल चाचपून बघायचा.

फवारा मात्र तो मारत होता. कसा? मान मागं टाकायची, बाटली नाकात खुपसायची, दाबायची आणि जोरात ओढायचं. सुर्रर्र! हाताला आणि नाकाला तपकिरीची जुनी सवय होती ती, बाटली दिसली की आपोआप जागी झाली. तपकीर जितकी जोरात ओढावी तितकी मेंदूला लागते. हे औषध तर थेट घशात उतरायचं. कडू. तो थुंकायचा, पाणी प्यायचा. एकदा नाकातून रक्ताचा थेंब आला. वास काही आला नाही.

"फसवलं," आप्पा म्हणाला. "रिकामं पाणी भरून देतात."

शनिवार जवळ आला. गुरुवारी त्यानं केबिनच्या खणातून नीलेशची बाटली काढली, आपली शेजारी ठेवली. अक्षरं वाचता येत नव्हती, पण एकाखाली एक धरून त्यानं प्रत्येक अक्षराचा आकार ताडून पाहिला. सारखीच. मग पोराच्या बाटलीत खरं औषध असेल आणि माझ्यात पाणी, नाहीतर दोन्हीत पाणी. हे सांगणारा सिल्वासात एकच माणूस होता. दोन्ही बाटल्या खिशात टाकून आप्पा डोकमर्डीला निघाला. माफी मागायला नाही, खात्री करायला.

नीलेश दारातच कांदा चिरत बसला होता. खोलीतली बाकीची पोरं पाळीवर गेलेली. आप्पाला बघून त्यानं सुरी खाली ठेवली नाही.

"या. इथं पण गाव विचारता का?"

"हे तुझं." आप्पानं एक बाटली पुढं केली. मग दुसरी. "आणि हे माझं. मला सांग, यातलं खरं कोणतं?"

नीलेशनं दोन्ही उलटसुलट केल्या. "सारखंच शे. तुमले कोणी दिलं?"

"दवाखान्यानं. काही गुण नाही. घसा कडू होतो नुसता."

"कडू? मारून दाखवा बरं."

आप्पानं मान मागं टाकली, बाटली खुपसली, दाबली. सुर्रर्र!

नीलेशच्या तोंडून हसू फुटलं, नको असताना. "ओ आप्पा! तपकीर ओढू ऱ्हायनात का? सगळं पोटात गेलं ना! थांबा." त्यानं हात धुतला, बाटली घेतली. "आधी नाक शिंकरायचं. मान खाली, पायाकडं बघायचं. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, बाटलीचं तोंड कानाकडं, मधल्या पडद्यावर नाही मारायचं, रक्त येतं. दाबायचं आणि हळूच श्वास, फूल हुंगल्यासारखा. ओढायचं नाही. औषध नाकातच बसलं पाहिजे. मलाबी पहिल्यांदा जमलं नव्हतं. आणि मी दोन दिवस मारायचो, चार दिवस सोडायचो, म्हणून तर डोळे लाल राहायचे."

आप्पानं तसं केलं. घसा कडू झाला नाही. तो संशयानं थांबला, गिळून पाहिलं, पुन्हा थांबला. नाही झाला.

तोवर नीलेशच्या कपाळावर आठी पडली होती. "पण आप्पा, तुम्हाला हे कशाला दिलं? तुम्हाला काय होतंय?"

"शिंका."

"आणि वास?"

आप्पा दाराच्या चौकटीकडं बघायला लागला. रस्त्यावरून कंपनीची बस गेली, तिचा धूर दारात आला. नीलेश खोकला. आप्पा खोकला नाही, नाकही धरलं नाही. नीलेशनं ते पाहिलं.

"मग माझ्या तोंडाचा वास कोणत्या नाकानं घेतला?"

आप्पा उठला, चपलेत पाय घालताना चुकला, पुन्हा घातला. मागून पोरगं काही ओरडलं नाही, शिवी दिली नाही. आप्पाला तेच जास्त लागलं. ओरडला असता तर कळलं असतं काय करणार ते.

शुक्रवारभर त्यानं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच शोधलं. पोरानं सांगितलं का? ममता टपरीवर कोणाशी बोलतेय? ठेकेदार आज "केम छो आप्पा" न म्हणता का गेला? रांगेत दोघं कुजबुजले तर त्यानं दोघांनाही गाव विचारायचं टाळलं. त्या दिवशी एकालाही घरी पाठवलं नाही.

शनिवारी अनंत साहेबांच्या खोलीत तिघं. साहेब टेबलामागं, नीलेश उभा, आप्पा खुर्चीच्या टोकावर. अनंत साहेब रत्नागिरीकडचे, सावकाश बोलणारे.

"बोल नीलेश."

"साहेब, औषध होतं ते. दवाखान्याचा कागद आणलाय."

"कागद औषधाचा आहे. दारूचं काय?"

"प्यालो नव्हतो."

आप्पा वाट बघत होता. आता सांगेल. आता म्हणेल, म्हाताऱ्याला वास येत नाही. त्यानं स्वतःशी उत्तरं जुळवून ठेवली होती. पोरगं सूड घेतंय, पोरगं खोटं बोलतंय. पण नीलेश एवढंच बोलून गप्प उभा राहिला.

"अजून काही?"

"नाही साहेब."

का नाही? आप्पाच्या डोक्यात चाक फिरायला लागलं. हा का बोलत नाही? बाहेर पोरं जमवून ठेवलीत का? सगळ्यांसमोर बोलणार आहे का? युनियनवाल्याला सांगून आलाय का? का मला आयुष्यभर हातात धरून ठेवणार? फाटकातून रोज जाताना नुसतं माझ्या नाकाकडं बघणार?

"आप्पा," साहेब म्हणाले, "सगळं तुमच्या शब्दावर आहे. वास होता ना?"

आप्पानं पोराकडं बघितलं तर ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतं. या गप्प बसण्यापुढं त्याचा टिकाव लागेना.

"नव्हता," तो म्हणाला.

"म्हणजे प्याला नव्हता?"

"म्हणजे मला वासच येत नव्हता साहेब. त्याचाच असं नाही. कोणाचाच. दिवाळीच्या आधीपासून."

अनंत साहेबांनी चष्मा काढला. "मग इतके लोक घरी पाठवलेत, ते?"

"अंदाजानं."

नीलेशचा पास त्याच दिवशी परत मिळाला. खोलीबाहेर आप्पानं त्याला गाठलं. "बोलला का नाहीस रे तू?"

"बोललो असतो तर साहेब काय म्हणाले असते? स्वतः सुटायला म्हाताऱ्यावर ढकलतो. कोणी खरं मानलं असतं का?" आणि चालता चालता म्हणाला, "तुम्ही तरी मानलं असतं का?"

बातमी पाळी सुटायच्या आत पसरली. मग जो तो उठला. ज्याला ज्याला म्हणून आप्पानं कधी घरी पाठवलं होतं, तो छाती पुढं काढून टाइम ऑफिससमोर. त्यातले काही खरोखरच निर्दोष. काही असे की त्या दिवशी ते भिंत धरून आले होते, अख्ख्या रांगेनं पाहिलं होतं. तेही म्हणायला लागले, "आमच्यावर अन्याय झाला." आप्पा कोणाला काय म्हणणार? आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती.

महिन्याभरात फुंकायचं मशीन आलं. हातात मावेल एवढं, नळी लावायची, आकडा येतो. आप्पाला काढलं नाही, साहेबांची तेवढी मेहेरबानी. पण आता गाव विचारायचं नाही. नळी बदलायची, बटण दाबायचं, "फुंक" म्हणायचं. नाकवाला आप्पा म्हणून जी हाक होती ती मशीनला लागली.

आणि नेमका त्याच सुमाराला त्याचा वास परत आला. फवारा रोज खाली मान घालून मारत होता, शिंका आधी थांबल्या, मग नाक रात्रीचं चोंदायचं बंद झालं. एका दुपारी ममतानं डबा उघडला आणि आप्पा खुर्चीसकट मागं सरकला. "बाहेर नेऊन खा!" ममता इतकी हसली की बोंबील सांडले. बायडाबाईनं फोटो अजून फेकला नव्हता, पण गाल आता आठवड्यातून एकदाच तपासायची.

नीलेशचे डोळे मात्र पुन्हा लाल दिसायला लागले. आप्पानं तीन-चार दिवस पाहिलं. नाकातून बोलणं, शिंका. मशीनमध्ये फुंकायचा, शून्य यायचं, पण सुपरवायझर लांबून बघायचा तो बघायचाच. एका सकाळी आप्पानं त्याला हात धरून बाजूला घेतला.

"फवारा सोडला?"

"सोडला."

"का?"

"त्या आपल्या पाळीतल्या रामसिंगनं खोकल्याचं औषध घेतलं आणि मशीन बोंबललं, माहीत नाही का? त्याला परत फुंकायला लावलं, अर्धा तास बसवला. मग मी गुलाबाचा फवारा मारून येऊ? एकदा गेलेला पास मिळाला, दुसऱ्यांदा मिळेल का? राहू द्या. शिंका येऊन कोणी मरत नाही."

"खोकल्याच्या औषधात दारू असते. यात नसते."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

आप्पाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नव्हतं. रांग वाढत होती. त्यानं एकदा मशीनकडं बघितलं, एकदा सुपरवायझरकडं. मग शर्टाच्या खिशातून आपली बाटली काढली. टोपण उघडलं. सगळ्यांच्या देखत मान खाली घातली, उजव्या हातानं डावीकडं, डाव्या हातानं उजवीकडं. गुलाबाचा वास केबिनपर्यंत गेला. मागच्या काहींना मशीन बोंबलायला हवं होतं, ते टाचा उंचावून बघत होते.

"ममता, बटण दाब."

"आप्पा, उगाच कशाला? आकडा आला तर नोंद होईल."

"दाब म्हटलं ना!"

ममतानं दाबलं. आप्पानं नळी तोंडात धरली आणि लांब फुंकला, कानशिलं लाल होईपर्यंत.

शून्य.

नीलेश वाकून आकडा बघायला लागला. "खरंच?"

पण आप्पा आकड्याकडं डोळे बारीक करून बघत होता. त्यानं मशीन हलवून पाहिलं, कानाला लावलं. नळी बदलून पुन्हा फुंकला. पुन्हा शून्य.

"काय झालं आता?" ममता म्हणाली. "शून्य आलंय ना? उद्यापासून मारून ये रे नीलेश."

"येतो," नीलेश म्हणाला.

"थांब, थांब," आप्पा म्हणाला. "मशीन बंद पडलं असेल तरी शून्यच दाखवणार. चालू आहे हे कशावरून?" तो रांगेकडं वळला आणि आवाज चढवला, "कोण प्यालाय रे आज? एकानं पुढं या. काही करत नाही, नुसतं फुंकून जा. मशीन तपासायचंय!"

रांगेत खसखस पिकली. कोणी तोंड दाबलं, कोणी दुसऱ्याला पुढं ढकललं. आणि सगळे हसत असताना अगदी शेवटचा एक जण मुकाट्यानं रांगेतून बाहेर पडला, टपरीच्या आडोशानं, चपला न वाजवता, आल्या वाटेनं परत निघाला. आप्पा खुर्चीवर चढून त्याच्या पाठीकडं बघत राहिला.